सॅन स्टॉर्म हळू वाटते: टर्बो की सुपरचार्जर? नागपूरच्या उन्हात टिकेल असं हवं

माटेचौक_४९:
नमस्कार मंडळी. गाडी सॅन स्टॉर्म. दोन सीट, उघडा टप, फायबरची बॉडी, पुढे आडवं बसवलेलं रेनॉचं ११४९ सीसी पेट्रोल इंजिन. कागदावर साधारण ६० हॉर्सपॉवर. पासिंग रिन्यू झालेलं आहे, इंजिन अजून उघडलेलं नाही.

दिसायला स्पोर्ट्स कार, पण जामठ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला की कळते की गाडी जाऊनच नाही राहिली. तिसऱ्या गिअरमध्ये ४००० आरपीएमच्या वर आवाज वाढते, वेग नाही. समृद्धीवर १०० ला ठीक चालते, पण ट्रक ओलांडायचा तर पाचव्यातून थेट तिसऱ्यात यावं लागते.

हवं काय: ८५ च्या आसपास हॉर्सपॉवर, त्याहून जास्त नको. वर्षाला ३ ते ४ हजार किलोमीटर, तेही रविवारी. पण मे महिन्यात व्हेरायटी चौकातल्या सिग्नलला उभी राहिली तरी काही होऊ नये. इंजिन न उघडता किती बूस्ट (हवेचा वाढीव दाब) चालेल? टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर हवा ढकलणारा) बरा की सुपरचार्जर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा)? आणि कबाडीत १.३ डिझेल गाड्यांचे टर्बो ढिगाने पडून राहतात, त्यातला एखादा चालेल का?

कॉम्प्रेशनगेज:
टर्बोचं नंतर बघू. आधी हे शोधा की गाडी ६० हॉर्सपॉवर तरी देऊन राहिली का. इतक्या जुन्या इंजिनातून ४५–५० च निघत असतील, तर बूस्ट म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं झालं.

कॉम्प्रेशन टेस्ट नीट करा. इंजिन पूर्ण गरम, चारही प्लग बाहेर, बॅटरी भरलेली, इंजेक्टर आणि कॉईलचे कनेक्टर काढलेले, आणि अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबलेला. हे शेवटचं बरेच मेकॅनिक करत नाहीत, मग आकडा उगाच कमी येतो. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके स्टार्टर मारा. अशा इंजिनाला ११ ते १३ बार यायला हवेत आणि सर्वात जास्त व सर्वात कमी यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर, ५ मिलीलिटर, इंजिन ऑईल टाकून पुन्हा घ्या. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा खराब. नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

त्यानंतर लीकडाउन टेस्ट. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागी) आणून प्लगच्या भोकातून हवा भरा. १० टक्क्यांपर्यंत गळती चालते, २० च्या वर असेल तर बूस्टचा विषय बंद. हवा कुठून जाते ते कानाने ऐका: थ्रॉटलमध्ये फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

बाकी चार गोष्टी अर्ध्या दिवसात होतात. एकाने पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने थ्रॉटलची पाकळी पूर्ण उघडते का बघायचं; केबल ताणली गेली की ती अर्धीच उघडते. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा, २५०० आरपीएमला ०.२ बारच्या वर काटा गेला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला आहे. टायमिंग बेल्टच्या खुणा जुळतात का बघा, एक दात सरकला तरी वरचा दम जातो. आणि चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा, कॅलिपर धरून बसला असेल तर लगेच कळते.

हे सगळं झाल्यावर मोबाइलच्या जीपीएसने तिसऱ्या गिअरमधला ४० ते ८० चा वेळ नोंदवून ठेवा, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा. पुढच्या प्रत्येक कामाची तुलना याच आकड्याशी करायची, मनाला कसं वाटते त्याच्याशी नाही.

बूस्ट_०४:
वरचं सगळं करून इंजिन तंदुरुस्त निघालं असं धरून लिहितो.

इंजिन न उघडता ०.४ बार, म्हणजे सुमारे ६ पीएसआय. त्याच्या वर जाऊ नका. कारखान्यातून साध्या श्वासावर चालायला बनवलेल्या पिस्टनची वरची रिंग जिथे बसते तो कठडा बारीक असतो, आणि नॉकिंग झालं (मिश्रण अवेळी भडकून इंजिन वाजलं) की तोच आधी तुटतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, हवेचा दाब साधारण ०.९७ बार. म्हणजे प्रेशर रेशो (बूस्टसकट दाब भागिले बाहेरचा दाब) १.४१. टर्बोचं तापणं आणि इतर नुकसान वजा करून ६० चे ८० ते ८५ होतात, तुम्हाला हवे तेवढेच.

डिझेलचा टर्बो घेऊ नका, फुकट मिळाला तरी. डिझेलचा धूर ७५०–८०० अंशांच्या वर क्वचित जातो, पेट्रोलचा पूर्ण लोडवर ९०० ओलांडतो. डिझेलच्या टर्बाइन हाउसिंगचं बीड तेवढ्यासाठी नसतं, त्याला तडे जातात आणि वेस्टगेटची (जास्तीचा धूर बाजूने सोडून बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) सीट वाकते. शिवाय त्या लहान टर्बोंतल्या बहुतेकांच्या मधल्या भागाला पाण्याची वाट नसते, फक्त तेल. सिग्नलला गाडी बंद केली की आतलं तेल जळून बेअरिंगमध्ये कोळसा धरते. तुमच्या कामाचा आहे टाटा झेस्ट-बोल्टच्या १.२ रेव्होट्रॉनचा टर्बो. तेही चार सिलिंडरचं ११९३ सीसी पेट्रोल इंजिन, ९० पीएस, १४० न्यूटन-मीटर. क्षमता आणि लक्ष्य दोन्ही तुमच्या जवळपास. कोणताही पेट्रोल टर्बो उचलताना पाण्याचे आणि तेलाचे असे चारही तोंड आहेत का बघा. शाफ्ट पुढे-मागे हलवून बघा, हाताला जाणवेल इतकी हालचाल नको. आडवी किंचित चालते, पण पातं हाउसिंगला घासलं नसावं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे हेडपासून टर्बोपर्यंत धूर नेणारा पाइपांचा जोड, हिंगणा एमआयडीसीत बनवून घेता येईल. चकचकीत पातळ स्टेनलेसच्या मोहात पडू नका, ते तापून फार वाढते आणि वेल्डजवळ तडकते. शेड्यूल ४० च्या माइल्ड स्टीलच्या एल्बोंचा साधा, आखूड लॉग मॅनिफोल्ड (सगळे पोर्ट एकाच सरळ पाइपात) करा. हेडकडची फ्लँज १२ मिलिमीटरची, वेल्डिंग करताना जाड प्लेटला बोल्टने आवळून ठेवायची, आणि थंड झाल्यावर मिलिंगवर फेस करून घ्यायची. फेस न केलेली फ्लँज पहिल्या आठवड्यात गॅस्केट फुंकते. पोर्टांच्या मधे फ्लँजला करवतीने चिरा द्या म्हणजे प्रत्येक तुकडा स्वतंत्र वाढतो. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लटकत ठेवू नका, ब्लॉकवरून आधार घ्या, बॉडीवरून नाही. खालचा पाइप ५० मिलिमीटर आणि त्यात फ्लेक्स बेलो हवाच, आडवं इंजिन दर वेळी झोके घेते.

तेलाच्या परतीच्या पाइपात सर्वांत जास्त चुका होतात. तेल टर्बोतून दाबाने बाहेर येत नाही, फेस होऊन नुसतं खाली ओघळते. पाइप आतून १५ मिलिमीटरच्या आसपास, सतत उतरता, कुठेही पोट न काढलेला, आणि ऑईल चेंबरला तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला. पातळीखाली जोडला की तेल तुंबते, सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये जाते आणि निळा धूर निघते. मग लोक म्हणतात टर्बो खराब निघाला, दुसरा आणतात, तोही तसाच धूर देते.

क्रँककेसच्या पीसीव्ही नळीत (आतली वाफ इनटेककडे नेणाऱ्या) वन-वे व्हॉल्व्ह टाका, नाहीतर बूस्ट थेट ऑईल चेंबरमध्ये शिरून डिपस्टिक बाहेर ढकलते. दुसरी ब्रीदर नळी कॅच कॅनमधून (तेल अडवणाऱ्या डब्यातून) टर्बोच्या आधीच्या पाइपात. वेस्टगेटची नळी कॉम्प्रेसरच्या तोंडावरून सरळ अ‍ॅक्च्युएटरला, मधे काहीही नाही. हाताने फिरवायचा बूस्ट कंट्रोलर लावायचाच नाही. तो लावला की कोणीतरी तो फिरवतेच.

फायबरच्या बॉडीमुळे दोन गोष्टी वेगळ्या. पॉलिस्टर रेझिन १०० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते, त्यामुळे टर्बाइन हाउसिंगपासून बॉनेट आणि फेंडरपर्यंत किमान ७५ मिलिमीटर अंतर, मधे हवेची फट ठेवून अ‍ॅल्युमिनियमचं हीट शील्ड, आणि हाउसिंगवर टर्बो ब्लँकेट. दुसरं अर्थिंग. लोखंडी गाडीत बॉडीला कुठेही अर्थ मिळते, इथे नाही. नवीन सेन्सरांचे अर्थ थेट ईसीयूच्या (इंधन-इग्निशन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) सेन्सर ग्राउंडला, आणि ईसीयूचा मुख्य अर्थ इंजिन ब्लॉकवर. हे चुकलं की पंखा सुरू होताच तापमानाचा आकडा पाच अंश उडी मारते, आणि माणूस ट्यूनिंगमध्ये दोष शोधत बसते.

सीताबर्डी_एसी:
सुपरचार्जरची बाजू मांडतो. आयसिन एएमआर५०० एका फेऱ्याला ५०० सीसी हवा ढकलते. तुमचं इंजिन एका फेऱ्यात ५७५ सीसी घेऊ शकते, प्रत्यक्षात ८५ टक्के धरा, म्हणजे ४९० च्या आसपास. पुली १.५ पट फिरवली तर ७५० सीसी, त्यातली गळती वजा जाता ६७५. भागाकार १.३८, म्हणजे तेवढाच ०.४ बार, आणि तोही १५०० आरपीएमपासून. एक्झॉस्टला हात लावायचा नाही, बॉनेटखाली लालबुंद हाउसिंग नाही. फायबरच्या गाडीला हे फार मोठं सुख आहे.

अडचण ब्रॅकेटची. पुल्यांची ओळ १ मिलिमीटरच्या आत हवी, नाहीतर पट्टा एका कडेने उसवते. ब्रॅकेट १२ मिलिमीटर प्लेटचं आणि दोन्ही बाजूंनी धरलेलं, एका बाजूने टांगलेलं नको. आणि फिरवायलाच काही हॉर्सपॉवर जातात, त्यामुळे ८५ ऐवजी ७५–८० धरा. रूट्स प्रकारचा हा पंप हवा टर्बोपेक्षा जास्त तापवते, म्हणून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) इथेही लागेलच.

बूस्ट_०४:
मान्य. बॉनेटखालची उष्णता ही टर्बोची खरी उणी बाजू आहे. पण ब्रॅकेट, आयडलर, टेन्शनर सगळं शून्यातून बनवायचं आणि पट्टा तुटला तर अल्टरनेटरही थांबू शकते, हे लक्षात ठेवा. चांगला फिटर हाताशी असेल तर सुपरचार्जर, चांगला वेल्डर असेल तर टर्बो. मी टर्बोच निवडेन.

नवतपा:
हवेच्या तापमानाचा हिशोब मांडतो, कारण आपल्याकडे सगळं इथेच बिघडते.

बाहेर ४५ अंश. प्रेशर रेशो १.४१, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर हवा सुमारे ५० अंशांनी तापते, म्हणजे ९५–९७ अंशांना बाहेर पडते. एअर फिल्टर बॉनेटच्या आत ठेवला आणि तो ६० अंशांची हवा ओढत असेल तर तोच आकडा ११० च्या पुढे. म्हणून पहिलं काम: फिल्टरला बाहेरची थंड हवा, बंद पेटीतून. दुसरं: पुढे इंटरकूलर. ७० टक्के क्षमतेचा असला तरी ९७ चे ६० अंश होतात. इथे मात्र डिझेल गाडीचा कबाडीतला इंटरकूलर खुशाल घ्या, हवेला इंधनाचा फरक पडत नाही. आतलं तेल रॉकेलने दोन-तीनदा धुवा, तोंडं बंद करून १ बार हवा भरा आणि टबात बुडवून बुडबुडे बघा. जाडीपेक्षा पुढून दिसणारं क्षेत्रफळ महत्त्वाचं. कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा, नाहीतर हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते. मागचा रेडिएटर जुना असेल तर आधी नवा कोर टाका, कारण आता त्याला गरम हवा मिळणार.

गॅरेजमध्ये समोर डेझर्ट कूलर लावून ट्यूनिंग करतात, ते आकडे धरू नका. कूलरची ओली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी थंड असते. तिच्यात न वाजणारं इंजिन नवतप्याच्या दुपारी रिंग रोडवर वाजेल.

आता इंधन. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला शुद्ध पेट्रोलपेक्षा ८–९ टक्के जास्त इंधन लागते, कारण हवा-इंधनाचं जुळणारं प्रमाण १४.७ नाही, साधारण १३.५ आहे. म्हणून वाइडबँडचा (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरचा) गेज एअर-फ्युएल रेशोवर न ठेवता लॅम्डावर ठेवा (१ म्हणजे नेमकं जुळणारं, त्याखाली म्हणजे इंधन जास्त), गोंधळ मिटतो. पूर्ण बूस्टला लॅम्डा ०.८० ते ०.८२, निवांत चालताना १. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने आतून फुगतात आणि सुटतात, सगळ्या एसएई जे३० आर९ दर्जाच्या टाका.

इंजेक्टरचं गणित: बूस्टवर एका हॉर्सपॉवरला मिनिटाला ६.३ सीसी धरा. ८५ ला ५३५, चार भाग केले तर १३४, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही म्हणून १६७. त्यात इथेनॉलचे ९ टक्के मिळवले की १८२. म्हणजे २०० ते २२० सीसीचे, १२ ते १६ ओहमचे इंजेक्टर. फ्युएल रेग्युलेटरची नळी मॅनिफोल्डला जोडलेली आहे का बघा. नसेल तर बूस्ट आल्यावर ३ बारचा दाब प्रत्यक्षात २.६ च उरतो आणि इंधन ७ टक्के कमी पडते, नेमकं जेव्हा जास्त हवं तेव्हा.

मूळ मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) बाहेरच्या दाबापर्यंतच मोजतो, बूस्ट त्याला दिसतच नाही. २.५ बारचा सेन्सर आणि स्वतंत्र ईसीयू लावा. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट या इंजिनाला पुरते. सेन्सरला फसवून इंधन वाढवणारे डबे टाळा, ते इग्निशन मागे घेत नाहीत.

क्रम असा ठेवा. टर्बो न लावता नवा ईसीयू आणि इंजेक्टर लावून ५०० किलोमीटर चालवा. स्टार्टिंग, आयडल, पंखा सगळं जमलं की टर्बो, पण वेस्टगेट तारेने उघडं बांधून. गळती, तेल, पाणी, मॅनिफोल्डचे नट बघा. पहिल्या गरम-थंड फेऱ्यांनंतर नट ढिले होतातच, पुन्हा आवळा. मग तार काढा. इग्निशन मूळ पूर्ण-लोड आकड्यापेक्षा ८ डिग्री मागे ठेवून सुरुवात, नंतर अर्धा-अर्धा डिग्री पुढे. साधारण १ पीएसआयला १ डिग्री मागे हा अंदाज धरा आणि त्याच्या आतच थांबा. इनटेकची हवा ५० अंशांच्या वर गेली की दर ५ अंशांना १ डिग्री आणखी मागे. बूस्ट ०.५५ बारला गेला तर ईसीयूने इंधन कट करायचं. प्लग एक पायरी थंड, एनजीकेचा ६ नंबर असेल तर ७, आणि गॅप ०.७ मिलिमीटर. पेट्रोल ९५ ऑक्टेनचंच. हे सगळं भर रस्त्यावर करू नका. गाडी ट्रेलरवर टाकून डायनो (जागेवरच हॉर्सपॉवर मोजणारं यंत्र) असलेल्या ठिकाणी न्या, सोबत नॉक ऐकायचे हेडफोन हवेतच.

डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत हवा मेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त दाट असते, इंधनाची तापमान-दुरुस्ती चुकली असेल तर तेव्हा मिश्रण पातळ होते, म्हणजे इंधन कमी पडते. म्हणून ईसीयूच्या नोंदी दोन्ही ऋतूंत तपासा.

एमएच३१_कागदपत्रं:
एक महत्त्वाचं राहिलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. कलम १८२-अ (४) मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. आधी आरटीओत लेखी विचारा. परवानगी नसेल तर गाडी बंद ट्रॅकपुरती ठेवा आणि मूळ मॅनिफोल्ड, ईसीयू, इंजेक्टर, सगळं नावं लावून जपा.

माटेचौक_४९:
सगळ्यांचे मनापासून आभार. कॉम्प्रेशन घेतलं: ११.८, ११.६, ९.४, ११.७ बार. तिसऱ्यात तेल टाकून ९.६. लीकडाउनला तिसऱ्यातली हवा सायलेन्सरमधून ऐकू येते. पाकळी पूर्ण उघडते, कॅट मोकळा आहे. आता टर्बो शोधू का?

कॉम्प्रेशनगेज:
अजून नाही, भाऊ. तेलाने आकडा हलला नाही, म्हणजे रिंगा ठीक. हवा सायलेन्सरमधून येते, म्हणजे तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. आधी त्याचं क्लिअरन्स मोजा. फट उरलीच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल. ती जुळवून टेस्ट पुन्हा घ्या. तरी ९.४ च राहिला तर व्हॉल्व्ह जळलाय, हेड काढावं लागेल. चारपैकी एक सिलिंडर असा असताना गाडी हळू वाटणारच, आणि याच्यावर बूस्ट दिला तर तो व्हॉल्व्ह आधी जाईल.

हेड निघालं तर आठही व्हॉल्व्ह, सीट आणि स्टेम सील बघून घ्या, आणि पट्टी-फीलरने हेडची सपाटी तपासा, ०.०५ मिलिमीटरच्या वर वाक असेल तर फेसिंग. पिस्टनच्या माथ्यावर किंवा कडेला टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर फोटो टाका, कारण ते आधी झालेल्या नॉकिंगचे असतात. बसवून झाल्यावर ४० ते ८० चा वेळ पुन्हा घ्या आणि इथे लिहा.